जुनं बेअरिंग फेकू नकोस, आधी ते उघडून बघ

काकू, नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कर्वेनगरला राहते. जानेवारीत साठवलेल्या पैशांतून सेकंडहँड इलेक्ट्रिक स्केटबोर्ड घेतला. मागच्या दोन चाकांतच मोटारी आहेत, चाकं ९० मिमीची. कॉलेजच्या आवारात आणि सोसायटीत चालवते. जूनमध्ये साचलेल्या पाण्यातून दोन-तीनदा गेले. आता डाव्या मोटारीतून खरखर येते, हातानं फिरवलं की आत वाळू असल्यासारखं लागतं. मोटार उघडून तारांच्या बाजूचं बेअरिंग काढलं. त्यावरचा नंबर पुसलाय, शेवटचे ०२ तेवढे दिसतात. पट्टीनं मोजलं तर बाहेरून २८, आतून १५, जाडी ७. नाना पेठेतल्या एका दुकानात २८ सांगितल्यावर ६००१ दिलं, पण त्याचं भोक १२ निघालं. शेजारचे लेथवाले म्हणाले, शाफ्ट १२ ला उतरवून देतो. दुसऱ्या बाजूसाठी मी ६०८ ची आठ बेअरिंग मागवली, कारण सगळे म्हणतात स्केटबोर्डला ६०८ लागतं. ती शाफ्टवर जातच नाहीत. मैत्रीण म्हणते एबीईसी ११ वालं सिरॅमिक घे. बाबा म्हणतात डब्ल्यूडी-४० मार. दुरुस्तीवाला म्हणतो अख्खी मोटार बदल. मी काय करू?
— स., कर्वेनगर

स., सगळ्यात आधी एक सांगते. शाफ्ट लेथवर देऊ नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण एवढं आत्ताच ठरव.

चाकातल्या मोटारीत शाफ्ट फिरत नाही. तो जागेवर घट्ट असतो आणि त्याच्याभोवती चाक फिरतं. मोटारीच्या तीन जाड तारा आणि सेन्सरच्या बारीक तारा बाहेर काढायच्या असतात, म्हणून तो आतून पोकळ असतो. शिवाय एकाच बाजूनं ट्रकला, म्हणजे फळीखालच्या आडव्या दांड्याला, धरलेला असतो, दुसरं टोक मोकळं. तुझं वजन, खड्ड्याचा दणका, ब्रेकचा हिसका, सगळं त्या लोंबत्या शाफ्टवर येतं. आतलं भोक ८ मिमी धरलं तर १५ चा शाफ्ट १२ वर आणल्यावर भिंत साडेतीन मिमीची दोन मिमी उरते, आणि वाकण्याविरुद्धची ताकद निम्म्याहून खाली येते. बेअरिंग मिळत नाही म्हणून शाफ्ट कापणं म्हणजे चप्पल लहान पडली म्हणून पाय तासणं. लेथवाल्याचा हात चांगला असेल, काम सफाईनं करूनही देईल, पण हा शाफ्ट त्यानं घेऊच नये.

आता नंबर. तुझं बेअरिंग ६९०२ आहे. तुला दिसलेले ०२ आणि पट्टीची तिन्ही मापं अगदी जुळतात. शेवटचे दोन आकडे भोक सांगतात: ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे त्या आकड्याला पाचानं गुणायचं. त्याच्या आधीचा आकडा अंगकाठी सांगतो. १५ च्याच भोकाचं ६८०२ बाहेरून २४ आणि जाडीला ५, ६९०२ म्हणजे २८ आणि ७, ६००२ म्हणजे ३२ आणि ९, ६२०२ म्हणजे ३५ आणि ११. एकाच घरातल्या बहिणी, बांधा वेगळा. शेवटचं ६२०२ तू रोज डोक्यावर घेऊन झोपतेस, छताच्या पंख्यात बहुतेक तेच असतं. त्यामुळे ते कोणत्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, आणि ६९०२ मागितलं की दुकानदार 'नाही' म्हणून मान हलवतो. पातळ अंगाची ही बेअरिंग दुचाकीच्या दुकानात फारशी ठेवत नाहीत. तू २८ सांगितलंस, त्याच्याकडे २८ चं ६००१ होतं, ते त्यानं दिलं. बेअरिंग मागताना तिन्ही मापं सांगायची असतात, आणि भोक सगळ्यात आधी.

अजून एक गोष्ट दुकानात घोटाळा करते. एसकेएफ आणि एफएजी या कंपन्या ह्याच बेअरिंगला ६१९०२ म्हणतात. एनएसके आणि एनटीएनच्या डब्यावर ६९०२ असतं. माप तेच, एकमेकांच्या जागी बिनदिक्कत बसतात. दुकानदार '६९०२ नाही' म्हणाला तर '६१९०२ बघा' म्हण.

दुसऱ्या बाजूचीही अशीच गंमत झाली आहे. ६०८ म्हणजे आत ८, बाहेर २२, जाडी ७. तुझ्या शाफ्टचं ते टोक १० मिमीचं असणार, म्हणून ते जात नाही. बाहेरून २२ आणि आतून १० असलेलं बेअरिंग म्हणजे ६९००, जाडी ६. बाहेरचं माप सारखं असल्यानं ६०८ कव्हरमध्ये सहज बसतं आणि आपल्याला वाटतं, जमलं. तरीही हे मी तुझ्या पत्रावरून सांगते आहे, मोटार माझ्या हातात नाही. शाफ्टचं ते टोक आणि कव्हरमधली बेअरिंगची बैठक मोजल्याशिवाय पैसे देऊ नकोस. पट्टीनं नाही, व्हर्निअरनं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये व्हर्निअर असतो, दहा मिनिटांसाठी कोणीही देईल. मागवलेली आठ ६०८ वाया गेलेली नाहीत. पुढची दोन मोकळी चाकं बघ, त्यांना बहुतेक तीच लागतात, प्रत्येक चाकात दोन.

नंबर कळला की निम्मं काम झालं असं वाटतं. माझ्या मते खरी निवड इथून पुढे सुरू होते. ६९०२ नावाखाली दहा प्रकारची बेअरिंग मिळतात, आणि त्यातलं कोणतं घ्यायचं हे जाहिरात सांगू शकत नाही. ते जुनं बेअरिंग सांगतं. ते टाकून दिलं नाहीस ना? मग खाली वर्तमानपत्र अंथर आणि उघड.

बाजूला रबराची चकती असेल तर पातळ ब्लेडचं टोक आतल्या कडेशी घालून उचल, निघून येते. पत्र्याची असेल तर वाकवून काढावी लागते. काढलेलं बेअरिंग परत वापरायचं नाहीच, तेव्हा बिनधास्त वाकव. आता आत बघ. ग्रीस दुधाळ, चहावरच्या सायीसारखं झालं असेल तर पाणी गेलं. तांबूस-विटकरी पूड असेल तर पाणी जाऊन बराच काळ राहिलं आणि गंज चढला. ग्रीस काळं, वाळलेलं, खरवडावं लागेल असं असेल तर मोटार सतत तापत होती. मग थोडं रॉकेल घेऊन छर्रे धू आणि ज्या खोबणीत ते पळतात तिच्यावरून नखाचं टोक हळू फिरव. गुळगुळीत लागायला हवं. सारख्या अंतरावर नख अडलं तर ते दणक्याचे खड्डे, एकतर रस्त्यावरचे किंवा बसवताना मारलेल्या हातोड्याचे. खोबणीतलं पोलाद पापुद्र्यासारखं निघालं असेल तर बेअरिंगनं आपलं आयुष्य पुरतं भोगलं, त्यात कोणाचा दोष नाही.

तू साचलेल्या पाण्यातून गेलीस, मग बोर्ड घरात आणून उभा ठेवलास, आणि थोड्या दिवसांनी आवाज सुरू झाला. मला खात्री आहे, तुला तांबूस पूड दिसेल. पुण्यात जून ते सप्टेंबर मोटारींची अशी बेअरिंग मी पोत्यानं बघितली आहेत. भोसरीत आमचं वाइंडिंगचं, म्हणजे मोटारीतल्या तारा गुंडाळायचं, दुकान होतं, आणि पावसाळा लागला की पाण्यात बुडालेले पंप रांगेत यायचे. वाइंडिंग वाळवून वाचायचं, बेअरिंग वाचायचं नाही. बेअरिंगचं साधं पोलाद कणखर असतं, पण गंजापुढे टिकत नाही. पाणी त्याच दिवशी त्याला मारत नाही. ग्रीसमध्ये मिसळून आत बसून राहतं आणि मागाहून खातं.

म्हणून तुझ्यासाठी पहिला प्रश्न वेगाचा नाही, वजनाचाही नाही, सीलचा आहे. नंबरानंतर नुसता झेड असेल तर एका बाजूला पत्र्याची ढाल, झेडझेड, एसकेएफमध्ये २झेड, असेल तर दोन्ही बाजूंना. ती आतल्या रेसला, म्हणजे छर्रे ज्यावर पळतात त्या आतल्या कड्याला, टेकत नाही, मध्ये बारीक फट राहते. धूळ बरीचशी अडते, पाणी अडत नाही. कोरड्या जागच्या मोटारीला ते उत्तम. तुला हवं दोन्ही बाजूंना टेकणारं रबरी सील. त्याचं नाव कंपनीगणिक बदलतं: साधारणपणे २आरएस, एसकेएफच्या ६१९०२ वर २आरएस१, एनएसकेवर डीडीयू, एनटीएनवर एलएलयू. एनएसकेचं व्हीव्ही आणि एनटीएनचं एलएलबी हीसुद्धा रबरीच, पण न टेकणारी. हलकी फिरतात, पाणी मात्र तेवढं अडवत नाहीत. दुकानदार 'रबरवालं आहे' म्हणून ते देईल, तेव्हा अक्षरं वाचून घे.

टेकणारं सील असलेलं नवं बेअरिंग बोटावर फिरवलंस तर ते जड लागेल, दोन फेऱ्यांत थांबेल. घाबरू नकोस, रबर रेसला घासतं म्हणून तसं होतं. मोटारीच्या ताकदीपुढे ते काहीच नाही. बोटावर भिंगरीसारखं फिरणारं बेअरिंग म्हणजे चांगलं बेअरिंग, हा समज पायानं ढकलायच्या स्केटबोर्डवरून आला आहे. कोरडं, बिनग्रीसचं बेअरिंगही तसंच फिरतं.

वेगाचा हिशोब एकदा स्वतः करून बघ, म्हणजे कोणी घाबरवणार नाही. ९० मिमी चाकाचा घेर साधारण २८३ मिमी. ताशी ३० किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५०० मीटर. भागाकार केला की मिनिटाला जेमतेम १,७७० फेरे. रबरी सीलच्या ६९०२ ची वेगमर्यादा दहा हजारांच्या पुष्कळ वर असते. वजनाचंही तसंच. तू आणि बोर्ड मिळून ७० किलो धरले तर एका चाकावर १७-१८ किलो येतात. ह्या बेअरिंगची स्थिर भारक्षमता साधारण २.२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. खड्ड्याचे दणके धरूनही साधं, चांगल्या कंपनीचं ६९०२ तुला पुरून उरतं.

मग एबीईसी ११ चं काय? एबीईसी ही अमेरिकी मोजपट्टी आहे आणि तिच्यात १, ३, ५, ७ आणि ९ एवढेच वर्ग आहेत. ११ नावाचा वर्गच नाही. तो छापणाऱ्यानं डब्यावर आणखी काय काय छापलं असेल ह्याचा विचार कर. आणि ही मोजपट्टी फक्त मापाचा नेमकेपणा आणि फिरण्यातला खरेपणा बघते. पोलाद कसं, ग्रीस कोणतं, सील कसं, छर्रे धरणारा पिंजरा कसा, ह्यातलं काहीच ती सांगत नाही. तुझ्या बेअरिंगला ज्यानं मारलं त्या पाण्याबद्दल त्या आकड्यात एक अक्षर नाही.

सिरॅमिक म्हणून जे विकतात त्यात बहुधा छर्रे तेवढे सिरॅमिकचे असतात, आतली-बाहेरची रेस पोलादाचीच. छर्रे गंजणार नाहीत हे खरं, पण रेस गंजेल, मग उपयोग काय? संपूर्ण सिरॅमिकचं असेल तर ते ठिसूळ. आपल्या रस्त्यांवर ते चाकात घालायला मी धजणार नाही. स्टेनलेसचं मिळतं, नंबराच्या आधी बहुधा एस असतो. नामवंत कंपनीचं, खात्रीच्या दुकानातून मिळालं तर जरूर घे, भारक्षमता थोडी कमी असली तरी तुला चालेल. पण नाव-गाव नसलेल्या स्टेनलेसपेक्षा ओळखीच्या कंपनीचं साधं पोलाद आणि चांगलं सील, हा सौदा मला जास्त भरवशाचा वाटतो.

कधी कधी नंबराच्या शेवटी सी३ दिसेल. त्याचा अर्थ आतला खेळ नेहमीपेक्षा थोडा जास्त. १५ मिमी भोकाला नेहमीच्या बेअरिंगमध्ये ३ ते १८ मायक्रॉन, सी३ मध्ये ११ ते २५. तापणाऱ्या किंवा फार घट्ट बसवलेल्या मोटारीत तो लागतो, कारण तापल्यावर आणि आवळल्यावर तेवढी जागा खाल्ली जाते. जुन्यावर सी३ वाचता आलं तर सी३ घे. दिसत नसेल तर नेहमीचं घे. दुसऱ्या मोटारीतलं बेअरिंग वाचता आलं तर प्रश्नच मिटला.

आता मिळेल कुठे? नाना पेठेत दुचाकीची बेअरिंग भरपूर, ही पातळ मापं क्वचित. भोसरी-चिंचवडकडे कारखान्यांना माल देणारे बेअरिंगवाले आहेत, त्यांच्याकडे एक-दोन नगही मिळतात. फोनवर नंबर सीलसकट सांगून आधी विचार. एसकेएफचा कारखाना चिंचवडलाच आहे, पण कारखान्याच्या दारात सुटी विक्री नसते, अधिकृत विक्रेत्याकडेच जावं लागतं. आणि एक जागा तुला कोणी सांगितली नसेल. महागड्या सायकलींची दुरुस्ती करणारी दुकानं. गिअरच्या पुष्कळ सायकलींच्या हबमध्ये ६९०२ आणि ६९०० रबरी सीलसकट असतात, त्यामुळे ती त्यांच्याकडे शिल्लक असतात. फक्त तिथे एक बघ. नंबरासमोर 'मॅक्स' लिहिलेलं घेऊ नकोस. ती सायकलच्या सस्पेन्शनच्या सांध्यासाठी असतात. आत पिंजरा नसतो, छर्रे एकमेकांना चिकटून ठासून भरलेले. थोडंसं डोलायला उत्तम, सतत गरगर फिरायला नाहीत.

नकली मालाबद्दल कळकळीनं सांगते. एकदा पंपाच्या मोटारीसाठी घेतलेल्या बेअरिंगचा डबा हुबेहूब होता, छपाईही झकास. महिन्याभरात मोटार परत आली आणि त्या पंपावर अवलंबून असलेल्या सोसायटीतल्या बायका दोन दिवस हंडे वाहत होत्या. तेव्हापासून 'नुसतं डबा बघून सांगते' असं मी म्हणत नाही. नकली करणारे फार हुशार झाले आहेत. अधिकृत विक्रेता, पक्कं बिल, आणि एसकेएफचं असेल तर त्यांचं ऑथेंटिकेट नावाचं अ‍ॅप, ज्यातून फोटो पाठवून तपासून घेता येतं. निम्म्या किमतीत मिळतंय म्हणून चार नग आणू नकोस.

घेताना तारांच्या बाजूचं आणि बाहेरच्या बाजूचं, दोन्ही नवीन घे. एकच गेलंय असं वाटलं तरी दोघांनी तेच पाणी प्यायलं आहे. उजव्या मोटारीसाठीही जोडी आणून ठेव. ती अजून बोलत नाही, पण तीही त्याच पाण्यातून गेली. मोटार बंद असताना मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरच्या मध्यावर टेकव, मूठ कानामागच्या हाडाला लाव आणि चाक हातानं फिरव. चुंबकांमुळे एकसारखे हलके ठोके लागतील, ते तसेच असतात. त्यांच्यामध्ये बारीक सरसर ऐकू आली तर तिचीही वेळ जवळ आली. आणि चाक एकदम जड, चिकट फिरत असेल तर बेअरिंगला दोष देण्याआधी मोटारीच्या तीन तारा कंट्रोलरपासून सोडव आणि एकमेकींना लागू देऊ नकोस. त्या एकमेकींना टेकल्या किंवा कंट्रोलर आतून शॉर्ट झाला तरी मोटार अशीच जड होते.

बसवण्याआधी बैठक बघ. पंपाच्या मोटारीत शाफ्ट फिरतो, म्हणून आतली रेस शाफ्टवर घट्ट लागते. तुझ्या मोटारीत उलटं आहे. शाफ्ट स्थिर, चाक फिरतं, वजन कायम खालच्या दिशेला. त्यामुळे बाहेरची रेस कव्हरमध्ये घट्ट बसली पाहिजे आणि आतली शाफ्टवर हातानं सरकली तरी चालते. कव्हरच्या बैठकीत आरशासारखी चकाकी किंवा गोल ओरखडे असतील तर बाहेरची रेस तिथे फिरत होती. बोटानं दाबून नवं बेअरिंग आत पडलं, तर ते नवंही फिरेल. अशा वेळी आपल्याकडे बैठकीत पंचानं ठिपके मारायची पद्धत आहे. चार दिवस घट्ट वाटतं, पण बेअरिंग त्या चार-सहा टोकांवर उभं राहतं आणि मध्य ढळतो. त्याऐवजी बेअरिंग चिकटवून बसवायचं लॉकटाइट मिळतं. ६४१ हे पुढे पुलरनं काढता येईल अशा ताकदीचं आहे. बैठक आणि रेस स्वच्छ पुसून, कोरडी करून, बैठकीत पातळ थर. सीलजवळ जाऊ देऊ नकोस. बैठक फारच खाल्ली असेल तर मात्र कव्हर बदलायलाच लागेल.

मोटार परत उघडशील तेव्हा जागा निवड. वर्कशॉपच्या लेथशेजारचं टेबल मुळीच नको. लोखंडाचा बारीक कीस हवेत आणि टेबलावर सगळीकडे असतो. रोटरचे, म्हणजे मोटारीच्या फिरणाऱ्या भागाचे, चुंबक तो ओढून घेतात आणि मग तो निघता निघत नाही. घरी स्वच्छ चादरीवर कर. रोटर सोडवताना चुंबक त्याला झटक्यानं परत ओढतात, बोटं फटीत ठेवू नकोस. तारांच्या बाजूचं बेअरिंग तारांवरून ओवून आत जातं. कनेक्टर १५ च्या भोकातून जात नसतील तर सेन्सरच्या कनेक्टरमधल्या पिना एक-एक काढाव्या लागतील. काढण्याआधी रंगांचा क्रम दिसेल असा फोटो घे, दोन कोनांतून. बेअरिंगलगत लाटेसारखा वॉशर किंवा पातळ चकत्या असतील तर त्या कुठून, कोणत्या क्रमानं निघाल्या ते तिथल्या तिथे लिहून ठेव. त्या फालतू वाटतात, पण चाकाचा आडवा खेळ त्याच धरतात.

अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर सुटं करून हीट गननं गरम कर. पाण्याचा थेंब टाकला की चर्र झालं पाहिजे, तेवढं पुरे. तापमान ७० अंशांनी वाढलं की २८ च्या भोकाला साधारण ०.०४५ मिमी जास्त जागा मिळते, आणि थंड बेअरिंग हलक्या दाबानं आत उतरतं. पण चुंबक असलेला भाग गरम करायचा नाही. साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांपुढे ताकद गमवायला लागतात आणि ती परत येत नाही. कव्हर सुटं होत नसेल तर उष्णतेचा नाद सोड आणि वाइसमध्ये हळूहळू दाबून बसव.

दाबताना जोर कुठल्या रेसवर द्यायचा, ह्यावर सगळं अवलंबून आहे. हे मी नुकसान करून शिकले. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या पंपाचं बेअरिंग मी शाफ्टवर घट्ट बसवायला घेतलं, आणि पाइपचा तुकडा मिळेना म्हणून बाहेरच्या रेसवर लाकडी ठोकळा ठेवून हातोड्यानं बसवलं. छान बसलं. पंधरा दिवसांत ते आजोबा मोटार रिक्षात घालून परत आले. मी बेअरिंग कापलं आणि खोबणीवर नख फिरवलं. जितके छर्रे, तितके खड्डे. प्रत्येक घाव बाहेरच्या रेसकडून छर्‍यांतून आतल्या रेसवर गेला होता. नवंकोरं बेअरिंग मीच मारलं होतं. म्हणून सांगते, कव्हरमध्ये घालताना दाब फक्त बाहेरच्या रेसवर. २८ पेक्षा किंचित लहान सॉकेट घे, किंवा जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस वापर, फक्त ती आत अडकू नये म्हणून बाहेरून थोडी घासून घे. नंतर शाफ्टवर चढवताना ते अडलं तर आतल्या रेसवर टेकेल असा पाइप. सरळ जातंय ना, हे दर मिलिमीटरला चारी बाजूंनी बघ. वाकडं शिरलं तर जोर वाढवू नकोस, काढून पुन्हा.

बाबांना सांग, डब्ल्यूडी-४० गंजलेला नटबोल्ट सोडवायला जरूर वापरा. बेअरिंगमध्ये मारलं तर आहे ते ग्रीसही पातळ होऊन वाहून जातं. दोन दिवस आवाज बसतो, आणि आपल्याला वाटतं बरं झालं. त्या दोन दिवसांत गंज आपलं काम करतच असतो, आणि बेअरिंग जाम झालं तर चालतं चाक एकाएकी धरेल. आवाज येणारा बोर्ड दुरुस्त होईपर्यंत चालवू नकोस, आवारातसुद्धा नाही.

अख्खी मोटार बदलायची गरज तेव्हाच, जेव्हा वाइंडिंग जळालं असेल, चुंबक सुटून घासत असतील किंवा शाफ्ट वाकला असेल. उघडलीच आहेस तर तांब्याच्या तारांचा रंग बघ. सोनेरी-तपकिरी असेल तर ठीक. काळवंडून जळका वास येत असेल तर मला पुन्हा लिही. स्टेटरवर, म्हणजे तारा गुंडाळलेल्या स्थिर भागावर, गंजाचा हलका थर दिसला तर कोरड्या ब्रशनं झाड, घासकागद लावू नकोस.

नवी बेअरिंग बसली तरी पाणी साचलेल्या रस्त्यावर जाऊ नकोस, आणि बोर्ड धुवायला पाइप कधीच नको, ओल्या फडक्यानं पूस. टेकणारं सील शिंतोडे अडवतं, डबकं नाही. चुकून भिजलाच, तर घरी आणून लगेच उभा करून ठेवू नकोस. बाहेरून कोरडा पुसून, चाकं वर करून, पंख्याखाली मोटारी थोडा वेळ अगदी हळू फिरव.

आणि एक. डावी मोटार पूर्ण जुळून, चाक हातानं मोकळं फिरून, सोसायटीत एक चक्कर होईपर्यंत उजवी उघडू नकोस. चकतीचा क्रम चुकला किंवा तारेचा रंग फोटोत कळला नाही, तर न उघडलेली मोटार शेजारी ठेवून बघता येतं.